वाचकांचे प्रश्न : इन्व्हर्टर ओरडतोय, पण दुखणं दुसरीकडेच आहे

या वेळी बोटीवरच्या इन्व्हर्टरबद्दल इतकी पत्रं आलीत की सदराची सगळी जागा त्यालाच देऊन टाकली. निम्म्याहून जास्त पत्रांचा शेवट एकच आहे, "इन्व्हर्टर गेला, आता कुठला घेऊ?" माझी सगळ्यांना मनापासून विनंती आहे, नवीन घ्यायच्या आधी एक साधा मल्टिमीटर हातात घ्या. बोटीवर इन्व्हर्टर स्वतः बिघडलेला फार कमी वेळा सापडतो, बिघाड असतो तो त्याच्या अलीकडे, वायरमध्ये, लगमध्ये (वायरच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या कडीत), फ्यूजच्या नटाखाली नाहीतर बॅटरीत.

प्रश्न : आमच्या शिडाच्या बोटीवर १२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी बँक आणि २००० वॅटचा प्युअर साइन वेव्ह (घरच्या विजेसारखी गुळगुळीत लाट देणारा) इन्व्हर्टर आहे. लॅपटॉप, मोबाइल, दिवे सगळं मस्त चालतं, पण १५०० वॅटची केटल लावली की पाच-सात सेकंदांत अलार्म वाजतो आणि इन्व्हर्टर बंद पडतो. पॅनलवर बॅटरी १२.६ दाखवते म्हणजे भरलेली आहे. मध्यंतरी इन्व्हर्टर बदलून पण बघितला, नवीनसुद्धा तेच करतोय. वायर १६ स्क्वेअर एमएमची आहे, बॅटरीपासून इन्व्हर्टर ३ मीटरवर. आता तिसरा घ्यायचा का?

उत्तर : नाही हो, अजिबात नाही. दोन वेगवेगळे इन्व्हर्टर एकाच ठिकाणी बसून एकच तक्रार करतायत, म्हणजे तक्रार खरी आहे. त्याला खायला पुरत नाहीये आणि तो तेच ओरडून सांगतोय.

आधी हिशोब बघा. १५०० वॅट भागिले १२ व्होल्ट म्हणजे १२५ अँपिअर, त्यात इन्व्हर्टर स्वतः साधारण १० टक्के खातो, म्हणजे धरा १४० अँपिअर. एवढा करंट बॅटरीतून निघून वायरमधून जातोय आणि दुसऱ्या वायरमधून परत येतोय, परत येतोय हे लोक विसरतात, त्यामुळे तुमची वायर ३ मीटर नाही तर ६ मीटर धरायची. १६ स्क्वेअर एमएमच्या ६ मीटर तांब्यात १४० अँपिअरला जवळजवळ ०.९ व्होल्ट वाटेतच जिरतो. बॅटरी लोड नसताना १२.६ दाखवते पण लोड आला की तीही १२ पर्यंत खाली येणार, त्यातून ०.९ वजा केले की उरले ११.१. आता वाटेत एखादा सांधा खराब आहे असं समजा, फार नाही, फक्त ५ मिलिओहमचा, डोळ्यांना दिसणारही नाही इतका, तरी तिथे आणखी ०.७ व्होल्ट गेले. उरले १०.४. बहुतेक १२ व्होल्टचे इन्व्हर्टर १०.५ च्या आसपास स्वतःला बंद करतात, बॅटरीचा जीव वाचावा म्हणून. झालं, तुमची केटल थंडच.

यात अजून एक गोष्ट आहे जी मला फार महत्त्वाची वाटते. इन्व्हर्टरला १५०० वॅट द्यायचेच असतात, मग आत येणारं व्होल्टेज कमी झालं की तो करंट वाढवतो, करंट वाढला की वायरमध्ये अजून व्होल्टेज जातं, मग तो अजून करंट ओढतो. म्हणून हा प्रकार हळूहळू होत नाही, पाच-सात सेकंदांत घसरगुंडी होते आणि बंद. आणि तो ५ मिलिओहमचा सांधा १४० अँपिअरला किती तापतो माहितीये? जवळजवळ १०० वॅट. म्हणजे एका नटाखाली शंभर वॅटचा बल्ब पेटवून ठेवल्यासारखं आहे, तेही लाकडी नाहीतर फायबरच्या कप्प्यात. त्यामुळे हा प्रश्न फक्त चहाचा नाही, आगीचा आहे, आणि तपासून होईपर्यंत चहासाठी केटल लावू नका.

आता तपासायचं कसं. पॅनलवरचा आकडा विसरा, तो बहुतेक लोड नसतानाचा असतो आणि मोजतो पण भलत्याच जागी. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. मोठा लोड लावा, केटल मोजणीपुरती २०-२५ सेकंद चालेल तेवढीच, किंवा इन्व्हर्टर लगेच पडत असेल तर ५००-६०० वॅटचं काहीतरी लावा म्हणजे निवांत मोजता येईल. एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हच्या शिशाच्या खुंटीवर ठेवा, खुंटीवर म्हणजे खुंटीवरच, लगवर नाही. दुसरं टोक इन्व्हर्टरच्या पॉझिटिव्ह स्टडवर (केबल आवळायच्या बोल्टवर). एकाच बाजूच्या वायरच्या दोन टोकांना मोजताय म्हणून आकडा शून्याच्या जवळ यायला पाहिजे. जेवढा येईल तेवढा त्या बाजूला गेला. मग तसंच निगेटिव्हला. निगेटिव्ह बाजू सोडूच नका, अर्धे बिघाड तिकडे असतात कारण तिकडे कुणी बघतच नाही.

पूर्ण लोडला दोन्ही बाजू मिळून ०.३-०.४ व्होल्टच्या आत असेल तर उत्तम, ती १२ व्होल्टच्या ३ टक्क्यांची हद्द झाली. जास्त असेल तर एकेक तुकडा पकडा, खुंटी ते लग, लग ते फ्यूजचं एक टोक, फ्यूज आरपार, मेन स्विच आरपार, असं करत पुढे सरका. कुठेतरी एका जागी आकडा एकदम उडी मारेल, तोच चोर. आणि समजा वायरमध्ये काहीच जात नाहीये पण बॅटरीच्या खुंट्यांवरच लोडला व्होल्टेज ११ च्या खाली पडतंय, तर मग वायर निर्दोष, बॅटरी म्हातारी झालीये. म्हातारी बॅटरी बसल्या जागी १२.६ व्यवस्थित दाखवते, धाप लागते ती पळायला सांगितल्यावर.

चोर कुठे सापडतात तेही सांगतो. एक, लगच्या खाली घातलेला स्टेनलेसचा वॉशर. स्टेनलेस तांब्यापेक्षा जवळपास ४० पट वाईट वाहक आहे, त्यामुळे लग थेट खुंटीला किंवा स्टडला टेकला पाहिजे आणि वॉशर त्याच्या वर. मी एकदा माझ्या स्वतःच्या बोटीवर अख्खा दिवस घालवून शेवटी असाच एक वॉशर शोधलाय, तोवर चांगला चालता इन्व्हर्टर काढून ठेवला होता. दोन, हातोडीने ठोकून नाहीतर पकडीने दाबून बसवलेले लग. हायड्रॉलिक क्रिम्पर लागतोच, नसेल तर केबल तयार करून आणा. तीन, साधी तांब्याची वायर जिच्यात खारी हवा आत चढत गेलीये, लगपासून हातभर सोलून बघा, आतलं तांबं काळं-हिरवं पडलेलं असेल तर ती केबल गेली, टोक कापून काही उपयोग नाही. बोटीला टिन केलेली (कथिलाचा मुलामा दिलेली) तांब्याची केबल घ्या आणि लगवर आत गोंद असलेला हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवा.

तुमच्या बाबतीत तर सांधे चकाचक निघाले तरी १६ ची वायर एवढ्या करंटला मुळातच बारीक आहे, ती काढाच. ७० स्क्वेअर एमएमला तेवढ्याच अंतरात ०.२ व्होल्टच जाईल. किंवा इन्व्हर्टर बॅटरीच्या जवळ सरकवा, २३० व्होल्टची बाजू लांब नेली तर काही बिघडत नाही कारण तिथे करंट ६-७ अँपिअरच असतो. जवळ म्हणजे बॅटरीच्या डोक्यावर मात्र नको, चार्ज होताना लेड-ॲसिडमधून हायड्रोजन निघतो आणि ॲसिडची वाफ सर्किट खाते. फ्यूज पॉझिटिव्हला आणि बॅटरीच्या जितका जवळ जमेल तितका जवळ. अमेरिकेतल्या एबीवायसी या बोटींची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या नियमात ७ इंच म्हटलंय, केबल आवरणातून नेली आणि थेट बॅटरीला जोडली तर ७२ इंचांपर्यंत सूट आहे. काम करताना आधी निगेटिव्ह काढा, अंगठी-कडं काढून ठेवा, आणि पेट्रोलियम जेली नट आवळून झाल्यावर वरून लावा, आधी लावू नका.

प्रश्न : रात्री सगळं बंद करून झोपतो तरी सकाळी बॅटरी उतरलेली असते. इन्व्हर्टर तेवढा ऑन असतो पण त्याला काहीच लावलेलं नसतं. बॅटऱ्या १०० अँपिअर-अवरच्या दोन आहेत.

उत्तर : काही लावलेलं नसलं तरी इन्व्हर्टर जागा असतो. मोठे इन्व्हर्टर नुसते चालू राहायला १ ते २ अँपिअर ओढतात, दीड धरला तर २४ तासांत ३६ अँपिअर-अवर गेले, तुमच्या बँकेचा जवळजवळ पाचवा हिस्सा, काहीही न करता. रात्री बंद करा किंवा त्यात सर्च मोड, पॉवर सेव्ह असं काही असेल तर ते चालू करा, फक्त त्यात मोबाइल चार्जरसारखा छोटा लोड कधीकधी त्याला दिसत नाही आणि तो झोपूनच राहतो.

पण एका रात्रीत पूर्ण उतरत असेल तर मला दुसरीच शंका येतेय, आणि ही चूक मी फार लोकांकडे पाहिलीये. बोटीवरचा बॅटरी चार्जर इन्व्हर्टरच्याच लाइनवर तर नाही ना? धक्क्यावरची वीज असताना सगळ्या सॉकेटना वीज मिळते, तिकडून निघताना तुम्ही स्विच इन्व्हर्टरवर टाकता आणि चार्जरचा ब्रेकर तसाच चालू राहतो. मग बॅटरीतून इन्व्हर्टर, इन्व्हर्टरमधून चार्जर, चार्जरमधून परत त्याच बॅटरीत असं गोल चक्र सुरू होतं आणि प्रत्येक फेरीत थोडी थोडी वीज उष्णता होऊन जाते. इन्व्हर्टरचा पंखा रात्रभर फिरत असेल तर हेच समजा. पाणी तापवायच्या टाकीचा पण तोच प्रकार, ब्रेकर चालू राहिला की ती गुपचूप सगळी बँक पिऊन टाकते. ही दोन्ही यंत्रं इन्व्हर्टरच्या लाइनवरून कायमची वेगळी काढा, लक्षात ठेवून ब्रेकर पाडणं हा उपाय नाही, एक दिवस विसरतोच माणूस.

प्रश्न : इन्व्हर्टर चालू असताना फ्रीजच्या पत्र्याला ओला हात लागला की झिणझिण्या येतात. एकाने सांगितलं न्यूट्रल आणि अर्थ जोडून टाक. तसं केलं तर आता धक्क्यावरची वीज लावली की तिथला आरसीडी (करंट गळाला की वीज तोडणारा स्विच) पडतो. काय करू?

उत्तर : पहिलं म्हणजे आत्ता लगेच धक्क्यावरची केबल काढा आणि ती जोड पण काढा, मग पुढचं वाचा. या पत्राने मला खरंच काळजी लावली.

न्यूट्रल आणि अर्थ एकत्र यायला पाहिजेत, पण एकाच जागी, आणि ती जागा म्हणजे त्या वेळी वीज जिथून येतेय ती. धक्क्यावरून वीज घेताना ती जोड किनाऱ्यावर आधीच असते. तुम्ही बोटीवर दुसरी केलीत, मग परतीचा करंट न्यूट्रल आणि अर्थ दोन्हीकडून वाटून जायला लागला, आरसीडीला जाणारा आणि येणारा करंट सारखा दिसेना, म्हणून तो पडला. ३० मिलिअँपिअरचा फरक त्याला पुरतो. तो पडला ते चांगलं झालं. तो नसता तर तो वाटून गेलेला करंट बोटीच्या धातूच्या भागांतून पाण्यात उतरू शकला असता, धातू गंजतो हे तर आहेच, पण आजूबाजूला कुणी पोहत असेल तर जीव जातो, आणि गोड्या पाण्यात धोका जास्त कारण माणसाचं शरीर गोड्या पाण्यापेक्षा चांगलं वाहक असतं. बोटींना वीज जोडलेली असते अशा धक्क्यापाशी पाण्यात उतरू नका, मुलांना तर अजिबात उतरू देऊ नका, किती उकडत असलं तरी.

इन्व्हर्टरवर चालताना मात्र ती जोड इन्व्हर्टरपाशी लागते. ती नसली तर आउटपुट तरंगतं राहतं, दोन्ही वायरी अर्थपासून साधारण अर्ध्या व्होल्टेजवर दिसतात, झिणझिण्या त्यातूनच येत असाव्यात, त्यात फ्रीजचा अर्थ कुठेतरी तुटलेला असणार, तो आधी शोधा. अशा तरंगत्या आउटपुटवर आरसीडी लावला तरी पहिल्या बिघाडाला तो गप्प राहतो, दुसरा बिघाड झाला की मग भोगतो तो माणूस. बोटीसाठी बनवलेल्या चांगल्या इन्व्हर्टर-चार्जरमध्ये यासाठी आत रिले असतो, इन्व्हर्टर चालू असताना तो न्यूट्रल-अर्थ जोडतो आणि बाहेरची वीज आली की आपोआप तोडतो. तुमच्या इन्व्हर्टरमध्ये ही सोय आहे का ते माहितीपुस्तकात बघा, आणि नसेल तर स्वतःहून तार जोडू नका, कारण बऱ्याच स्वस्त इन्व्हर्टरची अंतर्गत रचना अशी असते की अशी जोड दिली की ते जळतात. बोटीच्या वायरिंगचं काम केलेला इलेक्ट्रिशियन बोलवा, हे काम घरगुती नाही.

आणि एक, तुम्ही विचारलं नाहीये तरी सांगतो. इन्व्हर्टरचं आउटपुट आणि धक्क्यावरची वीज कधीही एकत्र येता कामा नये, क्षणभरसुद्धा नाही, इन्व्हर्टर तिथल्या तिथे जातो. मध्ये चेंजओव्हर स्विच पाहिजे, एक तुटल्याशिवाय दुसरं जोडलं जाणार नाही असा. दोन्ही टोकांना प्लग असलेली वायर करून इन्व्हर्टरमधून सॉकेटमध्ये वीज सोडणारे लोक मी पाहिलेत, त्या वायरीचं एक टोक निघालं की उघड्या पिनांवर २३० व्होल्ट असतात. तशी वायर बोटीवर असेल तर आज कापून टाका.

प्रश्न : इन्व्हर्टरचं आउटपुट मीटरवर १८० व्होल्टच दाखवतं, २३० पाहिजे ना? उपकरणं तशी चालतात.

उत्तर : तुमचा इन्व्हर्टर मॉडिफाइड साइन वेव्हचा असणार आणि मीटर साधा. साधा मीटर सरासरी मोजतो आणि लाट गोल आहे असं धरून आकडा दाखवतो, पायऱ्यापायऱ्यांच्या लाटेला तो फसतो आणि खऱ्या २३० ला १८० च्या आसपास सांगतो. ट्रू आरएमएस मीटरने (लाट कशीही असली तरी खरं व्होल्टेज मोजणाऱ्या) मोजा, बरोबर येईल. फ्रीजचा कॉम्प्रेसर मात्र अशा लाटेवर जास्त तापतो आणि गुणगुणतो, कायम चालवायचा असेल तर प्युअर साइन वेव्हच घ्या, आणि कॉम्प्रेसर सुरू होताना चालू करंटाच्या ३ ते ७ पट ओढतो ते धरून साइज ठरवा.

प्रश्न : आमचा इन्व्हर्टर इंजिन बंद असताना बरा चालतो. इंजिन सुरू करून तासभर गेलो की लाल दिवा लागून बंद पडतो. इंजिनच्या खोलीतच बसवलाय.

उत्तर : दोन गोष्टी असू शकतात आणि मीटर लावलं की वेगळ्या होतात. इंजिन चालू असताना इन्व्हर्टरच्या स्टडवर व्होल्टेज बघा. १५ च्या वर जात असेल तर अल्टरनेटरचा (इंजिनवर चालणाऱ्या जनित्राचा) रेग्युलेटर बिघडलाय, इन्व्हर्टर जास्त व्होल्टेज म्हणून बंद होतोय, आणि तुमच्या बॅटऱ्या पण त्यात उकळतायत. सोलर चार्जरवर इक्वलाइज (बॅटरीला मुद्दाम जास्त व्होल्टेज द्यायची पद्धत) चालू असलं तरी व्होल्टेज तिथवर जातं, तेही बघून घ्या.

व्होल्टेज १४.४ च्या आसपास शांत असेल तर मग उष्णता. इन्व्हर्टरवर छापलेले वॅट साधारण २५ डिग्रीचे असतात, ४० ला तो बराच कमी देतो आणि इंजिनच्या खोलीत तर ५० सहज होतं. त्यात पंख्याच्या जाळीत धूळ-तेलाचा थर असेल तर बघायलाच नको. जाळी साफ करा पण इन्व्हर्टर तिथून हलवाच, कोरड्या, हवेशीर जागी, चारी बाजूंनी मोकळी जागा ठेवून. आणि इंजिन पेट्रोलचं असेल तर थांबूच नका, पेट्रोलची वाफ तळाशी साठते आणि इन्व्हर्टरच्या रिलेची ठिणगी तिला पुरते.

प्रश्न : लिथियम बॅटरी टाकल्यापासून इन्व्हर्टर कधीकधी अलार्म न वाजवता एकदम मरतो, दिवासुद्धा नसतो. थोड्या वेळाने आपोआप सुरू. लूज कनेक्शन असेल का?

उत्तर : असू शकतं, ते वर सांगितल्यासारखं तपासाच, पण अलार्मलाही वेळ मिळत नाहीये म्हणजे बहुतेक बॅटरीतला बीएमएस (बॅटरीला जपणारं आतलं सर्किट) तोडतोय. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी शेवटपर्यंत व्होल्टेज छान टिकवून धरते, त्यामुळे इन्व्हर्टरला सूचना मिळायच्या आत बीएमएस दार बंद करतो. बॅटरीच्या माहितीत सतत किती अँपिअर द्यायची परवानगी आहे ते बघा. १०० अँपिअरच्या बीएमएसवर २००० वॅटचा इन्व्हर्टर पूर्ण चालणारच नाही, लोड कमी करा किंवा बॅटऱ्या समांतर वाढवा. फ्यूज पण बदला, लिथियम शॉर्ट झाली तर हजारो अँपिअर सोडते, तिथे क्लास टी फ्यूज लागतो, तो २०,००० अँपिअरपर्यंत तोडू शकतो. आणि इंजिन चालू असताना बीएमएसने तोडलं तर अल्टरनेटरचे डायोड उडतात, म्हणून हा प्रश्न पुढच्या सफरीवर ढकलू नका.

प्रश्न : इन्व्हर्टर लावला की व्हीएचएफ रेडिओवर खरखर येते, आणि मला वाटतं होकायंत्र पण थोडं हलतं. भास आहे का?

उत्तर : भास नाही. खरखर इन्व्हर्टरच्या आतल्या स्विचिंगची आहे, रेडिओची आणि अँटेनाची वायर इन्व्हर्टरच्या केबलपासून लांब न्या, दोन्हीकडच्या वायरींवर फेराइट (खरखर अडवणारी कडी) चढवा, इन्व्हर्टरच्या पेटीचं अर्थिंग नीट आहे का बघा. तोवर रेडिओवर महत्त्वाचं ऐकायचं असेल तेव्हा इन्व्हर्टर सरळ बंद ठेवा, चॅनल १६ वर कुणीतरी मदत मागत असताना आपल्याला नुसती खरखर ऐकू आली असं होऊ नये.

होकायंत्राचं कारण म्हणजे १०० अँपिअरच्या केबलभोवती तयार होणारं चुंबकीय क्षेत्र. पॉझिटिव्ह एका बाजूने आणि निगेटिव्ह दुसऱ्या बाजूने नेली असेल तर मधल्या सगळ्या जागेत ते पसरतं. दोन्ही केबल एकमेकींना चिकटवून, दर वीतभर अंतरावर बांधून न्या, पिळ देता आला तर अजून चांगलं, मग दोघींची क्षेत्रं एकमेकांना खोडतात. झालं की बोट धक्क्याला घट्ट बांधलेली असताना होकायंत्राकडे बघत राहा आणि दुसऱ्याला केटल चालू-बंद करायला सांगा. काटा जागचा हलला नाही पाहिजे. हलला तर केबलचा रस्ता बदला आणि परत बघा.